तुम्ही विचारलेत म्हणून: गाडी रात्री कुठे मुक्कामाला असते?

विजेवर चालणारी गाडी घेऊन मला आता चार वर्षे होत आली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे: "आम्हांला नवी गाडी घ्यायची आहे, तर पेट्रोलची घ्यावी की इलेक्ट्रिक?" विचारणाऱ्यांनी बहुधा बरेच वाचलेले असते, बॅटरीच्या आगीच्या चित्रफितीही पाहिलेल्या असतात, आणि आता 'हो' किंवा 'नाही' एवढेच त्यांना ऐकायचे असते. मी मात्र उलट त्यांनाच विचारते की तुमची गाडी रात्री कुठे उभी असते. यावर पुष्कळांचा थोडा हिरमोड होतो, कारण रेंज (एकदा पूर्ण चार्ज केल्यावर गाडी जाते ते अंतर), बॅटरीचे आयुष्य, किंमत यांवर बोलण्याची त्यांची तयारी असते आणि हा प्रश्न त्यांना अगदीच किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट, म्हणजे ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. चाळीस लिटरची टाकी भरली की सुमारे ३५० युनिट गाडीत येतात, आणि त्याला चार मिनिटे लागतात. हिशेब केला तर त्या रबरी नळीतून पाच हजार किलोवॅटच्या वेगाने ऊर्जा वाहत असते. घरातल्या २३० व्होल्टच्या दणकट सॉकेटमधून मिळतात जेमतेम तीन किलोवॅट, आणि १२० व्होल्टची वीज असलेल्या देशांत तर त्याच्याही निम्म्याहून कमी. भरण्याच्या वेगात पेट्रोलची बरोबरी करण्याचा प्रश्नच येत नाही. इलेक्ट्रिक गाडी तरते ती दुसऱ्या दोन गोष्टींवर. पहिली म्हणजे पेट्रोलच्या इंजिनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुराड्यातून निघून जाते, चाकांपर्यंत पाव हिस्सा किंवा फार तर एक तृतीयांश पोहोचतो. मोटर मात्र बॅटरीतल्या ऊर्जेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक चाकांना देते, त्यामुळे तिला मुळातच कमी लागते. दुसरी गोष्ट अशी की गाडी दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते. तो उभा राहण्याचा वेळ चार्जिंगला वापरता आला तर हळू भरण्याचा त्रास कोणालाच होत नाही, कारण तेव्हा आपण झोपलेले असतो. तो वेळ वापरता येत नसेल, तर मात्र चार्जिंगसाठी स्वतःच्या आयुष्यातला वेळ काढून द्यावा लागतो.

गाडी घेण्यापूर्वी मी महिनाभर एक वही ठेवली होती. रोज रात्री त्या दिवसाचे किलोमीटर आणि गाडी कुठे किती तास उभी होती, एवढेच त्यात लिहायचे. माझी स्वतःविषयीची समजूत अशी होती की माझे फिरणे खूप आहे. एकतीस दिवसांपैकी सव्वीस दिवस गाडी पन्नास किलोमीटरसुद्धा चालली नव्हती, दीडशेच्या वर गेली ती तीनच वेळा, आणि एकही रात्र अशी नव्हती की ती दहा तासांपेक्षा कमी उभी होती. दहा तासांत तीन किलोवॅटने तीस युनिट मिळतात. मध्यम आकाराच्या गाडीला शंभर किलोमीटरला पंधरा युनिटांच्या आसपास लागतात, आणि चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वाया जातात असे धरले तरी एका रात्रीत पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटरची बेगमी होते. माझा निर्णय त्या वहीने केला. त्यामुळे जे मला आकडे विचारतात त्यांना मी आधी अशी वही ठेवायला सांगते, आणि खरे सांगायचे तर दहांतले नऊ जण ती ठेवत नाहीत.

जागा असली तरी तिथली वीज कशी आहे, हेही पाहावे लागते, आणि ते मी पाहिले नव्हते. पहिल्याच आठवड्यात गाडीसोबत मिळालेली केबल जिन्याखालच्या जुन्या सॉकेटला लावली, आणि ती पोहोचेना म्हणून मध्ये एक एक्स्टेन्शन बोर्ड जोडला. पहाटे उठून पाहिले तर चार्जिंग तीन वाजताच थांबलेले, प्लग हातात धरवत नाही इतका तापलेला, आणि बोर्डावरच्या एका भोकाची कड पिवळट तपकिरी होऊन किंचित आत वाकलेली. जळक्या प्लास्टिकचा वास दुपारपर्यंत जिन्यात होता. आलेल्या वायरमनने बोर्ड हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ताई, गिझर वीस मिनिटं चालतो. हे दहा तास चालणार." सॉकेटची पकड सैल असली की तिथे रोध वाढतो, त्याने उष्णता होते, उष्णतेने पकड आणखी सैल होते, आणि वीस मिनिटांत जे जाणवत नाही ते दहा तासांत वितळते. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, तिच्यासाठी वेगळा ब्रेकर, गळती झाल्यास वीज तोडणारे साधन आणि खात्रीचे अर्थिंग, एवढे करून घेतल्यावर पुन्हा कधी काही झाले नाही. हा खर्च गाडीच्या किमतीत धरला पाहिजे, आणि विकणारे तो स्वतःहून क्वचितच सांगतात.

आता पैशांचा हिशेब. यात लोक एकमेकांचे आकडे उसने घेतात आणि फसतात, कारण पेट्रोलचे आणि विजेचे दर जागोजागी निराळे असतात. मी एक साधा ताळा सांगते. पंधराचा अॅव्हरेज देणारी पेट्रोलची गाडी एका लिटरमध्ये जेवढी जाते तेवढे जायला तशाच आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला, चार्जिंगमध्ये वाया जाणारे धरून, सुमारे अडीच युनिट लागतात. म्हणून तुमच्याकडच्या एका लिटर पेट्रोलच्या दरासमोर घरच्या अडीच युनिटांचा दर मांडा, आणि मग तिसऱ्या रकान्यात रस्त्यावरच्या फास्ट चार्जरच्या अडीच युनिटांचा दर लिहा. पहिल्या दोन रकान्यांत बहुतेक ठिकाणी मोठी तफावत निघते. पहिल्या आणि तिसऱ्यात ती पुष्कळदा इतकी आकसते की गाडीसाठी आधी मोजलेली जास्तीची किंमत वसूल व्हायला गाडीचे सारे आयुष्य जावे. ज्यांना घरी चार्जिंग शक्य नाही त्यांनी पहिला आणि तिसरा रकाना एवढेच पाहावे. शिवाय वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याची बचत हळूहळू होते, वीस हजार चालवणाऱ्याची भराभर. म्हणजे ही गाडी जितकी जास्त वापरावी तितकी स्वस्त पडते, फक्त तो वापर रोजचा आणि घरी परतणारा असला पाहिजे.

लांबच्या प्रवासाचे काय, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पेट्रोलची गाडी शहरातल्या गर्दीत जास्त पिते आणि मोकळ्या रस्त्यावर कमी. इथे नेमके उलटे होते. शहरात ब्रेकऐवजी मोटरच जनित्र बनून गाडीचा वेग खाते आणि काही ऊर्जा बॅटरीला परत देते, तर हमरस्त्यावर सगळी झुंज हवेशी असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० ने गेलात तर तो सव्वादोन पट होतो. कागदावर लिहिलेली रेंज अशा वेळी पाहता पाहता वितळते. थंडीत तर दुहेरी मार बसतो: बॅटरी आखडते, आणि आतली ऊबही तिच्यातूनच काढावी लागते, जी पेट्रोलच्या इंजिनाकडे वाया जाणाऱ्या उष्णतेतून फुकट मिळत असते. पाणी गोठवणाऱ्या थंडीत रेंजचा पाचवा हिस्सा, कधी तिसरा हिस्साही कमी होतो. अशा हवेत राहणाऱ्यांनी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून कमी विजेत ऊब देणारी यंत्रणा, असलेली गाडीच पाहावी.

फास्ट चार्जरवर दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत पोहोचायला बऱ्याच गाड्यांना अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो, आणि शेवटचे वीस टक्के भरायला जवळपास तेवढाच. नाट्यगृहात आधी येणारे पाहिजे तिथे पटकन बसतात आणि शेवटी येणाऱ्यांना अंधारात रिकामी खुर्ची चाचपावी लागते, तसेच चार्जिंगच्या वेळी बॅटरीत जागा शोधणाऱ्या लिथियमच्या आयनांचे, म्हणजे विद्युतभारित कणांचे, होते, आणि घाई केली तर बॅटरीला इजा होते म्हणून गाडी स्वतःच वेग उतरवते. त्यामुळे जाणकार लोक प्रवासात ऐंशीला उठून पुढच्या थांब्याला लागतात. मला या थांब्यांचा त्रास होत नाही, कारण दोन-अडीच तासांनी माझी कंबरच थांबा मागते. पण चार्जर बंद निघाला आणि पुढचा साठ किलोमीटरवर असला, की जी धाकधूक होते ती चार वर्षांनीही गेलेली नाही. वर्षातून चार वेळा अशी वेळ येणार असेल तर मी ती सहन करीन. आठवड्यातून चार वेळा येणार असेल तर मी पेट्रोलची गाडी घेईन.

बॅटरीची भीती मात्र मला थोडी अवाजवी वाटते. मोबाइलची बॅटरी दोन वर्षांत बसते म्हणून गाडीचीही बसेल, असा तर्क केला जातो. पण गाडीच्या बॅटरीला तापमान सांभाळणारी यंत्रणा बहुतेक ठिकाणी असते, आणि अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ठरावीक क्षमतेची, बहुधा सत्तर टक्क्यांची, हमी देतात. खरेदीच्या वेळी एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर बॅटरीच्या रसायनाचा विचारा. लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाला जड, पण टिकाऊ आणि तापली तरी तुलनेने शांत. तिला अधूनमधून शंभर टक्के भरावेच लागते, नाहीतर किती उरली आहे याचा गाडीचा अंदाज चुकू लागतो. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी त्याच वजनात जास्त अंतर देते, पण तिला रोज काठोकाठ भरून तशीच उन्हात उभी ठेवणे मानवत नाही. तिला रोजच्या वापरात ऐंशीवर थांबवलेले बरे.

देखभाल कमी, हे खरे आहे. इंजिन ऑइल नाही, स्पार्क प्लग नाही, क्लच नाही, आणि ब्रेकही कमी झिजतात. टायर मात्र वजनामुळे आणि मोटरच्या ओढीमुळे लवकर झिजू शकतात. आणि एक गोष्ट मला अनुभवानेच कळली: या गाडीतही पेट्रोलच्या गाडीसारखी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि दारे, दिवे, संगणक सारे तिच्यावर चालते. एका सकाळी ती बसली. मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली, आणि गाडी साधे दार उघडेना. शेवटी शेजारच्या काकांच्या पेट्रोलच्या गाडीवरून वायर जोडून ती जागी केली, आणि काकांनी त्यानंतर तो विषय महिनाभर सोडला नाही.

त्या वादावादीत मी काकांना इतिहास सुनावला होता, तो इथेही सांगते. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवरचीच होती; ती बेल्जियमच्या कामीय जेनात्झीने चालवली. तेव्हा पेट्रोलच्या गाडीला दांडा फिरवून सुरू करावे लागे आणि उलटा फिरलेला दांडा माणसाचा हात मोडी. १९१२ च्या कॅडिलॅक या अमेरिकी गाडीत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याचा विजेचा स्टार्टर बसवला गेला आणि ही अडचण गेली. म्हणजे पेट्रोलच्या गाडीला जिंकून देण्यात एका छोट्या विजेच्या मोटरचाच हात होता.

पर्यावरणासाठी घ्यावी का, असेही काही जण विचारतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. उलट बाजूला, बॅटरी बनवताना होणाऱ्या प्रदूषणामुळे इलेक्ट्रिक गाडी जन्मतःच कर्ज घेऊन येते, आणि ते कर्ज ती रस्त्यावर फेडते. वीज कोळशाची असेल तर हळू, पाण्याची, वाऱ्याची किंवा अणुऊर्जेची असेल तर लवकर. म्हणून चांगली चालणारी जुनी गाडी केवळ या कारणासाठी मोडीत काढून नवी घेण्याची घाई मी तरी करणार नाही.

माझ्या एका मैत्रिणीला मी स्पष्टपणे पेट्रोलची गाडी घ्यायला सांगितले. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, गाडी रस्त्यावर मिळेल तिथे लावते, आणि कामासाठी आठवड्यातून दोनदा तरी चारशे किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत येते. तिला इलेक्ट्रिक गाडीच हवी होती, त्यामुळे ती माझ्यावर जरा रागावली. मी तिला म्हटले, ज्यांच्याकडून घेणार आहेस त्यांच्याकडून अर्ध्या तासाच्या चकरेऐवजी दोन दिवसांसाठी गाडी माग, म्हणजे तिला एक रात्र तुझ्या दारात काढू दे. तिने तसे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा फोन आला तो चार्जिंग स्टेशनवरून. तिच्या पुढे दोन गाड्या होत्या. गेल्या महिन्यात तिच्या इमारतीत प्रत्येकाला ठरावीक जागा मिळाली आणि भिंतीपर्यंत वायर ओढण्याची परवानगीही, तेव्हा तिने मला पुन्हा विचारले. चारशे किलोमीटरच्या फेऱ्या अजून आहेत का, एवढेच मी तिला विचारले आहे, आणि या वेळी ती वही ठेवते आहे.