वहीत काय लिहायचं, मॅम?

बुधवार, रात्री उशिरा

सेमिस्टर संपत आलं की डिझाइनच्या मुलांच्या प्रोसेसच्या वह्यांचा, म्हणजे काम कसं घडत गेलं ते टिपायच्या वह्यांचा, गठ्ठा घरी येतो. आज वाचायला बसले. निम्म्या वह्या सबमिशनच्या आदल्या रात्री एका बैठकीत उरकलेल्या. ‘या प्रोजेक्टमधून मला युजरचं महत्त्व समजलं.’ याचा आता रबरी शिक्काच करून घ्यावा. पण ‘काय शिकलात ते लिहा’ असं विचारल्यावर मुलं दुसरं काय लिहिणार? मार्क कशाला मिळतात हे त्यांना शाळेपासून पाठ असतं.

प्रोजेक्ट होता बुरूड आळीतला. टोपल्या विणणाऱ्यांजवळ बसायचं, त्यांच्याकडून शिकायचं आणि मंडईत माल उचलणाऱ्यांसाठी टोपली नव्याने करून बघायची. एका मुलीच्या वहीत सेलोटेपने बांबूची मोडकी कामटी चिकटवलेली. बाजूला: ‘वाळलेली होती, वळवताना मोडली. काका हसले. ते आधी भिजवतात. मी विचारलंच नव्हतं.’ पुढच्या पानावर कडीची पाच-सहा स्केचेस, सगळ्यांवर काट. ‘मंडईतल्या मावशींनी कडीला हातच लावला नाही. बुडाखाली हात घालून उचलली. मग कडी कुणासाठी काढतेय?’ शिकणं घडलं ते इथे, आणि तिने ते त्याच दिवशी टिपलं. महिन्याने आठवून लिहिलं असतं तर ‘युजर रिसर्च केला’ एवढंच उरलं असतं.

व्यावसायिक माणसं काम करता करता कशी शिकतात याचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ सालच्या पुस्तकात काम करता करता चालणारा विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार असा फरक केला होता. त्यांनी उदाहरणही आर्किटेक्चरच्या स्टुडिओतलंच घेतलं होतं. आपण पहिला सोडून देतो आणि दुसरा शेवटच्या आठवड्यात ढकलतो. म्हणून हल्ली मी टेबलापाशी जाऊन एवढंच विचारते, ‘आत्ता हात का थांबला?’ किंवा ‘काय टाकून दिलंस?’ उत्तर लगेच तिथेच लिहायचं, दोन ओळी, मराठीत चालेल. मराठीची मुभा दिल्यावर काहींची वही एकदम बोलायला लागली. एकाला लिहायचा कंटाळा. तो घरी जाताना पीएमपीच्या बसमधून व्हॉइस नोट पाठवतो. मागे कंडक्टर ओरडत असतो, पण मुद्दा पक्का असतो.

स्टाफरूममध्ये एक सर म्हणतात, मार्क नसतील तर कोणी लिहिणार नाही. म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मार्क दिले की शिक्का परत येतो. तूर्त मी फक्त तारीख बघते: पानं त्या त्या दिवशीची असली की झालं. शुक्रवारी मीटिंग आहे. ही कामटीची वही घेऊन जाणार आहे, अर्थात तिला विचारून.