पट्ट्यातली ढील

स्किल लॅबमध्ये रक्तस्राव थांबवण्याचा वर्ग घेतला की संध्याकाळी मला मोठे समाधान वाटत असे. तासाभराच्या सरावानंतर जवळपास प्रत्येक विद्यार्थी टूर्निके, म्हणजे दांडी पिळून हात किंवा पाय आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा, नीट बांधत असे, खोल जखमेत गॉज ठासून भरत असे आणि मी त्याच्या नावापुढे खूण करून वही मिटत असे. सहा महिन्यांनी त्याच बॅचला पूर्वसूचना न देता पुन्हा मॅनिकिनसमोर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यासमोर, उभे केले, तेव्हा त्या खुणांची किंमत मला कळली.

पहिलाच विद्यार्थी हुशार होता. टूर्निके जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांधा टाळून बांधायचे, हे त्याने न अडखळता सांगितले. मग पट्टा मांडीभोवती घेतला, चिकटवला आणि लगेच दांडी पिळायला सुरुवात केली. दांडीला हात लावण्यापूर्वी पट्टा जोर लावून खेचायचा आणि त्यातली सगळी ढील काढायची असते. ते राहून गेले. दांडीचे फेरे ढील खाण्यातच संपले, पट्ट्याचा पीळ पडून गोळा झाला, दांडी पुढे फिरेना आणि नळीतून लाल पाणी वाहतच राहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. पहिल्या वर्गात नेमक्या याच क्षणी मी 'ढील काढ' असे म्हणालो होतो, आणि तेही बहुधा प्रत्येक वेळी. म्हणजे मी ज्याला त्याचे कौशल्य समजत होतो, त्यातला महत्त्वाचा भाग माझ्या तोंडात होता.

ही चूक किरकोळ नाही. अर्धवट आवळलेला पट्टा शिरा बंद करतो, पण धमनी चालूच ठेवतो; त्यामुळे रक्त पायात येत राहते, परत जाऊ शकत नाही आणि जखमेतून अधिकच वाहते. २०१८ साली 'जामा सर्जरी' या नियतकालिकात आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात प्रत्यक्ष प्रशिक्षणानंतर सुमारे ८८ टक्के सामान्य नागरिकांना टूर्निके बरोबर बांधता आले, आणि ३ ते ९ महिन्यांनी हेच प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर आले होते. वैद्यकीय विद्यार्थी याला अपवाद असतील, असे मी उगाच गृहीत धरले होते. त्यांना शरीररचना अधिक ठाऊक असते इतकेच. हातांना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

आता मी उजळणीची सुरुवात व्याख्यानाने करत नाही. विद्यार्थी आत आला की आधी थेट जखम समोर ठेवतो, घड्याळ लावतो आणि स्वतः गप्प राहतो, जे मला अजूनही जड जाते. आठवण्यासाठी जी धडपड करावी लागते, तिच्यामुळेच गोष्ट टिकते; चुका दाखवणे नंतर, आणि त्यानंतर लगेच दुसरा प्रयत्न. वर्षातून एकदा दोन तास बसवण्याऐवजी दर तीन महिन्यांनी दहा मिनिटे घेतो. तीन महिने हा काही शास्त्राचा आकडा नव्हे, वेळापत्रकात तेवढीच जागा मिळते.

दुसरा बदल असा की प्रत्येक वेळी जखमेची जागा बदलतो, कारण जांघेत किंवा काखेत टूर्निके बसतच नाही आणि तिथे गॉज भरून दाबण्यावाचून गत्यंतर नसते. येथे निराळाच दोष दिसतो. रक्तस्तंभक गॉज भरल्यावर निदान ३ मिनिटे सलग दाब द्यायचा हे सर्वांना पाठ असते, तरीही अर्ध्या मिनिटात कोणीतरी 'थांबले का?' म्हणून गॉज उचलून पाहतोच. तीन मिनिटे किती लांब असतात, हे पूर्ण वजन टाकून दोन्ही हातांनी दाबत राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून ती मी कधीही कापत नाही, बाकीची बॅच ताटकळली तरी चालेल.

तो पहिला विद्यार्थी तीन महिन्यांनी पुन्हा आला. या खेपेस त्याने पट्टा मागे वाकून खेचला, त्याखाली बोटांची टोके शिरत नाहीत हे तपासले आणि मगच दांडी फिरवली. पाणी थांबले. दांडी अडकवून त्याने पायाची नाडी पाहण्याची कृती केली आणि समाधानाने हातमोजे काढले. टूर्निके किती वाजता बांधले, ते लिहायला मात्र तो विसरला होता.