ड्रोमानाचं फाटक: जा, पण टॅक्सी थांबवून ठेवू नका

आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीत ‘हिंदू-गॉथिक’ फाटक आहे म्हटल्यावर आपली पावलं तिकडे वळणारच. फोटोत हिरवा घुमट, मिनार, खाली फिनिस्क नदीवरचा पूल. मागे राजवाडा असणार असं कुणालाही वाटेल. तसलं काही नाही. फाटक ते फाटकच. ड्रोमाना हाउस बरंच आत आहे आणि ते खासगी घर आहे.

मला तिथवर नेणाऱ्या टॅक्सीवाल्याने ‘तासभर तरी लागेल’ म्हणून वेटिंग लावलं. वीस मिनिटांत सगळं बघून झालं, पैसे मात्र पूर्ण तासाचे. भाडं आधी ठरवा, थांबण्यासकट. स्वतःची गाडी असेल तर ती पुलापासून लांब लावा. रस्ता अरुंद, तोही थेट कमानीखालून जातो. फोटोसाठी पुलावर उभं राहिलात की समोरून कोणीतरी भरधाव येतंच. मी दोनदा कठड्याला चिकटलो.

आता फाटक. 1826 मध्ये ड्रोमानाचा जमीनदार हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट लग्न करून बायकोला घेऊन येणार म्हणून कुळांनी स्वागताला कागदाच्या लगद्याची तात्पुरती कमान उभारली, अशी गोष्ट सांगतात. जोडप्याला ती इतकी आवडली की पुढे तशीच पक्की बांधून घेतली. वास्तुविशारद मार्टिन डे याने 1849 मध्ये काढलेला आराखडा आहे. नमुना इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या पॅव्हिलियनचा, म्हणजे भारतीय धाटणीच्या राजवाड्याचा. त्यामुळे देवळाचं काही शोधू नका: घुमट कांद्यासारखा, कोपऱ्यांना सडपातळ मिनार, आणि खिडक्या मात्र इंग्लिश चर्चच्या टोकदार. ही भेसळ जवळून बघायलाच मजा आहे. दोन्ही बाजूंच्या खोल्या बघून राखणदाराचा संसार कसा मावत असेल, असं वाटतं. मध्यंतरी सगळं पडायला आलं होतं. 1960च्या दशकात जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने दुरुस्त केलं, म्हणून आज उभं आहे.



फक्त ड्रोमानासाठी डब्लिनहून येऊ नका, परवडणार नाही. लिस्मोर गावाजवळचं बॅलिसॅगर्टमोर जोडून घ्या. आर्थर काइली-अशर या जमीनदाराने 1834च्या सुमारास तिथे आधी बुरुजांची फाटकं आणि पूल बांधले, त्यातच पैसे संपले आणि ठरवलेला महाल राहूनच गेला. 1840च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात कुळांना घराबाहेर काढणारा हाच. प्रवेश फुकट, पण जंगलात चिखल भरपूर. चांगले बूट घाला.