पांढऱ्या कडेवर जाऊ नये

शनिवार, रात्र

साडेदहानंतर बाथरूम कुणाला लागत नाही, तेव्हापासून ती माझी, फोटो छापायची अंधारी खोली. दाराखाली जुनी चादर, एक्झॉस्टच्या जाळीवर काळा कार्डशीट, गीझरच्या दिव्यावर चिकटपट्टी. फ्रीजमधलं फोटोच्या कागदाचं पाकीट दुपारीच बाहेर काढलं होतं. या पावसाळी हवेत गार पाकीट उघडलं तर कागदावर दव धरतं. दिवे घालवून पाच मिनिटं नुसतं बसले. डोळे सरावल्याशिवाय फटी दिसत नाहीत. आज कडीशेजारी एक नवीच निघाली.

हल्ली प्रिंट मळकट येतात. आभाळ, आजीचं पांढरं लुगडं, सगळं किंचित राखाडी. कागदाची कोरी कड मात्र स्वच्छ पांढरी, त्यामुळे ज्याच्या उजेडात काम करते त्या लाल दिव्याचा (सेफलाईटचा) संशय येत नाही. स्टुडिओवाल्या काकांना फोन केला. त्यांची हयात ब्रोमाइड पेपरवर (कृष्णधवल फोटोंच्या कागदावर) गेली, ऊटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ही त्यांनी भरपूर वापरलाय. म्हणाले, "कडेच्या पांढरेपणावर जाऊ नकोस. दिव्याखाली कागदावर नाणी ठेवून बघ, पण आधी कागदाला थोडा उजेड पाज."

यातली मेख मला फार आवडली. कागदावरच्या लेपातल्या (इमल्शनमधल्या) चांदीच्या क्षारांवर ठरावीक किमान प्रकाश पडल्याशिवाय डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) काहीच उमटत नाही. सेफलाईटचा उजेड एकटा तिथवर पोचत नाही, म्हणून कोरी कड पांढरीच राहते. पण एन्लार्जरने (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राने) जिथे आधीच थोडा प्रकाश दिलाय, तिथे तोच उजेड वरून भर घालतो. मार बसतो तो नेमका हलक्या छटांना.

म्हणून दोन पट्ट्या कापल्या. एक कोरी. दुसरीला निगेटिव्ह न लावता एन्लार्जरचा इतकाच प्रकाश दिला की फिकट राखाडी यावी. दोन्ही लाल दिव्याखाली, वर नाणी. एकेक नाणं दोन, चार आणि आठ मिनिटांनी उचललं. नळाचं पाणी कोमट असल्यामुळे डेव्हलपरच्या ट्रेखाली बर्फाची परात ठेवून वीस अंश गाठले (हा खटाटोप दर वेळी कंटाळा आणतो). कोरी पट्टी निष्कलंक. दुसरीवर आठ मिनिटं झाकलेलं फिकट वर्तुळ ठसठशीत (म्हणजे भोवतीचा कागद दिव्याने काळवंडला), चारचं अंधूक, दोनचं नाही.

म्हणजे कागद पाकिटातून काढल्यापासून हायपोत (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) जाईपर्यंत माझ्याकडे जेमतेम दोन-तीन मिनिटं. डेव्हलपिंगलाच एक ते दीड मिनिट जातं! पंधरा वॅटचा दिवा चार फुटांवर असावा म्हणतात. आमच्या बाथरूममध्ये चार फूट काढायचे कुठून? शिवाय हा मल्टीग्रेड कागद, म्हणजे ज्यावर चित्राचा कॉन्ट्रास्ट कमी-जास्त करता येतो तो. जुना साधा ब्रोमाइड मुख्यतः निळ्या प्रकाशाला भुलायचा, हा हिरव्यालाही भुलतो, त्यामुळे पिवळसर दिव्याचा तर प्रश्नच नाही.

उद्या दिवा दारावरच्या फळीवर, तोंड भिंतीकडे करून लावणार. मग पुन्हा नाणी. तोवर लुगड्याचा फोटो करायचा नाही.