मेळघाट सोडून ग्वाटेमाला?

‘मेळघाटातल्या चुली संपल्या, म्हणून ग्वाटेमालात बांधायला गेलीस?’ पुण्यात मामांनी विचारलं, इथे ह्यूस्टनमध्ये गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विचारलं गेलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

ऑफिसातल्यांचा गट मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, नेबाज नावाच्या गावी चुली बांधायला निघाला होता, रजा मिळत होती, म्हणून गेले. त्यामागे फार मोठा विचार नव्हता. मेळघाटात जायला हवं होतं, हे मान्य. म्हणून नेबाजला जायला नको होतं, हे मात्र मान्य नाही. पूर्वी मी ‘दुःखाला देश नसतो’ असं उत्तर द्यायचे. आता ते वाक्य मलाच सहन होत नाही. नेबाजच्या दुःखाला देश आहे, सालही आहे.

नेबाज हे इशिल माया या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या मुलखातलं गाव. काम आपल्या निर्धूर चुलीसारखंच: विटांचा ओटा, वर लोखंडी पत्रा, छपराबाहेर धुराडं. एका घरी पोहोचलो तेव्हा अंगणात एक आजी मक्याचे दाणे सोलत होत्या. आमच्यातल्या एका मुलाने हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची, लष्करी कापडाची पँट घातली होती. आजींनी वर पाहिलं. पुढच्याच क्षणी नातवाचा दंड धरून त्या मागच्या मक्यात शिरल्या. टोपली उलटली, दाणे मातीत. सून हाका मारत राहिली, त्या आल्या नाहीत. दुभाषा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हा मुलगा इथून जाऊ दे.’ मुलगा दिवसभर गाडीत बसून रडला. त्याला काय ठाऊक होतं? निघण्यापूर्वी आम्हाला लसी, पाणी, डास, सगळं सांगितलं होतं. १९८२-८३ साली लष्कराने इथली गावंच्या गावं जाळली, हे कुणी सांगितलं नव्हतं.

परतल्यावर मी वाचत बसले. मे २०१३ मध्ये त्या काळचा हुकूमशहा रिओस माँट वंशसंहारासाठी दोषी ठरला. निकालात १,७७१ इशिल माणसांच्या हत्यांचा हिशेब होता. इशिल बायकांनी भर न्यायालयात साक्षी दिल्या होत्या. दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

मामा, चूल बांधली त्याचा मला पस्तावा नाही. ती सून सारखी खोकत होती, तिला धुराडं हवंच होतं. मेळघाटात कधी जाणार, हे जरूर विचारा. त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. नेबाजला पुन्हा जाईन का? मला जायचंय. पण आम्ही यावं का, हे आधी त्या आजींना विचारायला हवं, आणि तसं विचारणारं आमच्या गटात अजून कुणी नाही.