सौभद्राचा पहिला प्रयोग आणि माहितीचौकटीतली एकच ओळ

मंडळी, सौभद्राची तारीख परत बदलली. मराठी विकिपीडियावर 'संगीत सौभद्र' या नाटकाच्या लेखातल्या माहितीचौकटीत (बाजूच्या तक्त्यात) पहिल्या प्रयोगाची तारीख '१८ नोव्हेंबर १८८२' होती, सकाळी बघते तर 'मार्च १८८३'. संपादन सारांशात दोनच शब्द, 'तारीख दुरुस्त'. बरं, करणारा कोणी निनावी उपद्रवी असता तर बदल उलटवून मोकळी झाले असते. पण हा जुना, नेटकं काम करणारा सदस्य आहे. त्याने संदर्भ दिलाय, पानक्रमांकासकट. आणि तो संदर्भ खोटा नाही, हीच तर गोम आहे.

मागच्या वेळी ठरलं होतं की किर्लोस्करांची तीन नाटकं हातावेगळी करायची आणि लावणी कलावंतांच्या लाल दुव्यांकडे (अजून न लिहिलेल्या लेखांकडे) वळायचं. ते बारगळलं, कारण या एका ओळीने सगळा वेळ खाल्ला. पण शेवटी वाट सापडली, म्हणून ही नोंद जरा लांबली तरी चालवून घ्या.

तर झालंय असं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी सौभद्राचे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ ला पुण्यात रंगभूमीवर आणले. पाचही अंकांचा प्रयोग झाला तो मार्च १८८३ मध्ये. जेवढे अंक तयार तेवढ्यांचा प्रयोग लावायचा, उरलेले मागाहून, हा त्यांचा रिवाजच दिसतो. 'शाकुंतल' तसंच आलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला सातांपैकी चार अंक झाले आणि बाकीचे पुढे. म्हणजे एक पुस्तक 'पहिला प्रयोग १८८२' म्हणतं, दुसरं १८८३ म्हणतं, आणि दोन्ही बरोबर असतात. चुकते ती आपली माहितीचौकट, कारण तिथे 'पहिला प्रयोग' या नावाखाली एकच कप्पा आहे.

हे एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण जुन्या पुस्तकांत वर्षं शकात दिलेली असतात आणि आपल्यातले बरेच जण त्यात डोळे झाकून ७८ मिळवतात. नोव्हेंबर १८८२ आणि मार्च १८८३ हे दोन्ही महिने शके १८०४ मध्येच येतात. १८८३ चा गुढीपाडवा एप्रिलात होता, त्यामुळे अख्खा मार्च जुन्या शकातच गेला. ७८ मिळवले की दोन्ही प्रयोग १८८२ मध्ये जाऊन बसतात. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवायचे, हे माहितीचौकटीच्या साच्याच्या (तयार नमुन्याच्या) दस्तऐवजात ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय. नवीन येणाऱ्यांनी ते आधी वाचावं. जिथे तिथी दिलेली असते तिथे काम सोपं होतं. शाकुंतलाची आश्विन वद्य त्रयोदशी, शके १८०२ पंचांगाशी ताडून पाहिली आणि बरोबर ३१ ऑक्टोबरवर आली. रविवार होता. त्या दिवशी चहा गोड लागला.

त्यात ओसीआरची, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं यंत्राने ओळखण्याची, भर. स्कॅन फिकट असला की देवनागरी २ आणि ३ यांत यंत्राला फरक कळत नाही. १८८२ चं १८८३ व्हायला एक शाईचा ठिपका पुरतो, आणि आपला वाद नेमका याच दोन आकड्यांवर आहे! तेव्हा सौभद्राच्या बाबतीत ओसीआरचा मजकूर उचलून संदर्भ देऊ नका. स्कॅनचं मूळ पान उघडा, मोठं करा, डोळ्यांनी बघा. ओसीआर शोधायला उत्तम, उद्धृत करायला नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय.

कुणी विचारलं की त्या काळचं वर्तमानपत्र काढून एकदाचा निकाल का लावत नाही. काढता येईल, पण दोन अडचणी आहेत. 'केसरी' सुरू झाला जानेवारी १८८१ मध्ये, म्हणजे शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगाला तो नव्हताच. त्यासाठी १८४९ पासून चालू असलेल्या 'ज्ञानप्रकाश'सारख्या पत्राकडे जावं लागतं. दुसरं म्हणजे जाहिरातीवरून आपणच तारीख ठरवली तर ते मूळ संशोधन होतं, जे विकिपीडियावर चालत नाही. जाहिरात सांगते की प्रयोग लावला होता. तो झालाच, हे ती सांगत नाही. नाटक कंपनीचा एखादा नट आजारी पडला की काय होतं ते नाटकवाल्यांना ठाऊक असतं.

आता विकिडाटाकडे, म्हणजे विकिपीडियांच्या सामाईक माहितीसाठ्याकडे. आपला साचा तारीख तिथूनच ओढतो. तिथे पहिल्या प्रयोगाच्या तारखेचा गुणधर्म, म्हणजे कप्पा, पी ११९१. त्यात दोन्ही तारखा भरल्या तर चौकटीत दोन्ही एकाखाली एक उमटतात, कोणती कशाची ते काहीच कळत नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं विकिपीडियालाच माहीत नाही. म्हणून क्वालिफायर, म्हणजे तारखेला जोडायची पुस्ती, लावायला गेले. 'कोणत्या भागाला लागू' यासाठी पी ५१८ आहे, पण त्यात साधी ओळ लिहिता येत नाही, आयटमच (विकिडाटावरची स्वतंत्र नोंद) द्यावा लागतो. 'पहिले तीन अंक' या नावाचा आयटम कुठून आणायचा? सौभद्राच्या प्रत्येक अंकाला वेगळा आयटम करा, असं एकाने सुचवलं. मग शाकुंतलाचे सात, मानापमानाचे वेगळे... नको. त्या वाटेने गेलो तर लेख लिहायला माणूस उरणार नाही.

मग दर्जावर वाद. १८८२ ला 'पसंतीचा' दर्जा दिला की चौकटीत तेवढीच तारीख येते. पण १८८३ वाले सदस्य म्हणतात की तीन अंकांच्या प्रयोगाला नाटकाचा पहिला प्रयोग म्हणायचं कशाच्या बळावर? मुद्दा बिनतोड आहे. माझं म्हणणं, प्रेक्षकांनी तिकीट काढलं, पडदा वर गेला, लोकांनी पदं ऐकली, म्हणजे प्रयोग झाला. चर्चापानावर हे बरंच रंगलं. वाद घालताना कुणीही पातळी सोडली नाही, त्याचं कौतुक नोंदवून ठेवते.

गाठ सुटली ती साच्यातच. आपण 'पहिला प्रयोग' ही ओळ ठेवली आणि खाली 'पहिला पूर्ण प्रयोग' अशी नवी ओळ दिली, सोबत स्थानिक टिपेचा रकाना. विकिडाटावर दोन्ही तारखा ठेवल्या, आधीच्या तारखेला पसंतीचा दर्जा दिला आणि दर्जा का दिला ते पी ७४५२ मध्ये नोंदवलं. साच्यामागच्या विभागातला (मोड्यूलमधला) कोड ज्याने दुरुस्त केला त्याला दंडवत, मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. आता सौभद्राचं पान उघडलं की स्वच्छ दिसतं: पहिला प्रयोग १८ नोव्हेंबर १८८२ (पहिले तीन अंक), पहिला पूर्ण प्रयोग मार्च १८८३. मी ते पान उगाचच पुन्हापुन्हा उघडून बघते आहे. तारीख बदलणाऱ्या सदस्यानेही चर्चापानावर आभाराचं बटण दाबलं.

क्विकस्टेटमेंट्स हे विकिडाटावर एकदम पुष्कळ माहिती भरायचं अवजार वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. अवजार झकास आहे, शंभर नाटकांचे नाटककार एका बैठकीत भरून होतात. पण महिनाच माहीत असेल तर तारखेच्या शेवटी अचूकतेचा आकडा १० द्या. ११ दिला आणि दिवसाच्या जागी १ टाकला तर 'मार्च १८८३' चं '१ मार्च १८८३' होतं. असा कधीच न झालेला प्रयोग मग इतर भाषांच्या विकिपीडियांवर पोचतो. तिथून कुणी पुस्तकात घेतला की आपल्याच चुकीला आपल्याला संदर्भ मिळतो. नुसतं वर्ष असेल तर ९.

नवी ओळ लगेच 'रामराज्यवियोग'वर लावून पाहिली. ते तर किर्लोस्करांच्या हातून पुरंच झालं नाही. २ नोव्हेंबर १८८५ ला ते गेले, तेव्हा तीनच अंक रंगभूमीवर आलेले होते. म्हणजे 'पूर्ण प्रयोग' हा रकाना कायमचा रिकामा. साचा रिकामी ओळ दाखवत नाही, त्यामुळे पान नीट दिसतंय. मेहेरबानी करून कुणी तिथे 'माहीत नाही' असं भरू नका.

हे लिहिता लिहिता एक वेगळंच सुचलं. आपण इतके दिवस नाटक आणि नाटकाची निर्मिती एकाच आयटममध्ये कोंबतोय. संयुक्त मानापमानाचं काय करणार आहोत? खाडिलकरांचं नाटक १९११ चं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर असा जो प्रयोग झाला, तो 'मानापमान'च्या लेखात एका परिच्छेदात कोंबलेला आहे. संहिता तीच, पण दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर. ही स्वतंत्र निर्मिती आहे, तिला वेगळा आयटम मिळायला हवा. लेखसुद्धा, संदर्भांना तोटा नाही. पुढच्याच ऑक्टोबरात केशवराव गेले, त्यामुळे या प्रयोगावर लिहिलंही भरपूर गेलंय.

तेच 'घाशीराम कोतवाल'चं. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने पहिला प्रयोग केला, मग प्रयोग थांबले, आणि १९७४ पासून थिएटर अकादमीने ते पुन्हा उभं केलं. चौकटीत 'निर्मितीसंस्था' एकच, आणि तिथेही दर काही महिन्यांनी अदलाबदल चालते. निर्मितीचा आयटम वेगळा केला की हाही वाद मिटेल. तेव्हा लावणी आणखी थोडी पुढे ढकलते, आधी हे दोन आयटम.

घाशीरामच्या निमित्ताने एक छोटा विजय. नाटकाच्या माहितीचौकटीत 'नृत्यदिग्दर्शन' ही ओळच नव्हती. दिग्दर्शक जब्बार पटेल होते, संगीत भास्कर चंदावरकर होते, आणि ज्यांच्या बांधणीवर रांगेत उभ्या नटांची ती भिंत डोलते त्या कृष्णदेव मुळगुंदांना जागा नाही! आता ओळ आली, पी १८०९ ला जोडली, आणि पहिलं नाव त्यांचंच उमटलं. संगीत नाटक सोडून बाकी नाटकांच्या लेखांत नृत्याला आपण कायम फोडणीपुरतं वापरलंय, ते बदलूया.

पण तमाशाच्या लेखांत ही ओळ सरसकट लावू नका. तिथे नृत्यदिग्दर्शक नावाचा वेगळा माणूस बहुतेक वेळा नसतोच, अदा फडातच घडते. यमुनाबाई वाईकरांच्या लेखावरून वर्गांची ओढाताण चालली आहे, 'नर्तिका' की 'गायिका'. बैठकीच्या लावणीत गाणं आणि अदाकारी एकाच बाईच्या अंगात असते, तर दोन्ही वर्ग राहू द्या ना. २०१२ ची पद्मश्री आणि संगीत नाटक अकादमी पुरस्कार हे दोन्ही संदर्भासह नोंदवले आहेत. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाची 'भाऊ मांग' घालून आणि न घालता अशी दोन्ही रूपं लोक शोधतात, तिथे पुनर्निर्देशन केलं.

फोटोंचं रडगाणं चालूच आहे. एका संग्रहाकडून उत्तर आलं की फोटो वापरा, पण 'फक्त विकिपीडियासाठी'. ती परवानगी कॉमन्सला (विकिपीडियांच्या सामाईक चित्रसंग्रहाला) चालत नाही, मुक्त परवाना लागतो, आणि हे समजावताना समोरच्याला वाटतं आपण फुकटात घर मागतोय. जुन्या फोटोंपुरतं मी १९४१ च्या आधीचेच उचलते. अमेरिकेतल्या स्वामित्वहक्काचा घोळ नको.

आता काम वाटून घेऊ. संयुक्त मानापमानाचा मसुदा माझ्या धूळपाटीवर (कच्च्या कामाच्या पानावर) ठेवलाय, भूमिकांची यादी अपुरी आहे. घाशीरामच्या निर्मितीचा आयटम कुणीतरी उघडा, पण नाव ठेवण्याआधी चावडीवर (सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर) विचारा. 'घाशीराम कोतवाल (१९७२ ची निर्मिती)' ठेवायचं की संस्थेच्या नावाने, यावर माझंच अजून ठरत नाहीये. आणि शाकुंतलाच्या पूर्ण सात अंकी प्रयोगाची पक्की तारीख ज्याच्याकडे पानक्रमांकासह असेल त्याने थेट चर्चापानावर टाका, ती ओळ सध्या रिकामी आहे.