होळीच्या आठवड्यात जुळवलेल्या याद्या

शहादा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी नर्स आहे. होळी जवळ आली की आमच्या पाड्यांवर एकदम लेकरं दिसायला लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं होळीला काहीही करून घरी येतात. त्या आठ-दहा दिवसांत जे मूल हाती लागलं नाही, ते पुन्हा कधी भेटेल याचा भरवसा नसतो.

त्या वर्षी माझ्या ड्यू लिस्टमधली, म्हणजे लस द्यायची असलेल्यांच्या यादीतली, बरीच पोरं गावातच नाहीत, असं आशाताई सांगत होत्या. अंगणवाडीताईंचं उलटं. त्यांच्याकडे टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं नेणाऱ्या काही बायांची लेकरं माझ्या यादीत नव्हतीच. आम्ही तिघी एकाच गावात फिरतो, पण माझी नोंद लसीकरणाच्या यू-विन पोर्टलवर, अंगणवाडीची पोषण ट्रॅकर ॲपवर आणि आशाताईंची त्यांच्या वहीत. खातीही वेगळी, आरोग्य आणि महिला व बालविकास. शेवटी लसीकरण सत्राच्या आदल्या दिवशी अंगणवाडीत सतरंजी टाकून बसलो आणि तिन्ही याद्या मोठ्याने वाचायला घेतल्या.

नावावरून जुळवायला गेलो आणि तिथेच अडकलो. जन्मल्यावर बाळाची नोंद आईच्या नावाने होते, अमकीचं बाळ म्हणून. अंगणवाडीत तेच मूल हाकेच्या नावाने येतं. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तर बीसीजी, पोलिओचा झिरो डोस आणि कावीळ ब ची लस दुसऱ्याच तालुक्यात नोंदलेली, आडनावही कधी माहेरचं. मोबाईलवरून शोधावं तर सिम बदललेलं. मग आईचं नाव आणि जन्मतारीख धरली, तारखेत दोन-चार दिवसांचा फरक सोडून दिला, तेव्हा कुठे ओळी जुळू लागल्या. एका मुलाच्या तर दोन नोंदी निघाल्या. एकीवर पेंटाचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे, तिन्ही डोस, दुसरी कोरी. त्या कोऱ्या नोंदीसाठी आशाताई त्या घरी किती खेपा घालून आल्या होत्या! मला फार वाईट वाटलं. नोंद नाही म्हणजे लस नाही, हे मीच धरून चालले होते.

सगळ्यात जास्त वेळ गेला दीड वर्षाच्या एका मुलीवर. तिच्या आईकडे गुजरातचं ममता कार्ड, म्हणजे तिकडचं आई-बाळाच्या नोंदीचं कार्ड होतं, घडीवर फाटलेलं, अक्षरं गुजराती. मला ते धड लागेना. अंगणवाडीच्या मदतनीसताईंचं माहेर गुजरातेतल्या निझरचं. त्यांनी एकेक तारीख वाचली, मी लिहून घेतली. पेंटाचे दोन डोस झालेले, तिसरा राहिलेला आणि गोवर-रुबेलाचा, जो नऊ महिन्यांनाच द्यायचा, तो एकही नाही.

"आता परत पहिल्यापासून सुया टोचणार का?" आईने घाबरून विचारलं. नाही, झालेले डोस वाया जात नाहीत, जिथे थांबलं तिथून पुढे द्यायचं, हे तिला दोनदा समजावलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः मुलीला घेऊन सत्रावर सगळ्यांत आधी आली. दोन्ही लसी दिल्या, गुजरातेतले जुने डोसही तारखांसह चढवले.

गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसला किमान महिन्याचं अंतर लागतं, आणि ते लोक होळीनंतर गुजरातेत बारडोलीकडे परतणार होते. म्हणून पुढची तारीख आमच्या कार्डावर लिहिली, ममता कार्डावरही लिहिली. मदतनीसताईंनी खाली गुजरातीत दोन ओळी जोडल्या, तिकडच्या सिस्टरसाठी. फाटलेल्या घडीला मी चिकटपट्टी लावली आणि दोन्ही कार्डं एकाच पिशवीत घालून आईच्या हातात दिली.